धूळ, अंधार आणि सत्तर अक्षरं

सोलापूरचा इतिहास लिहायला बसलं की गिरण्यांचे भोंगे येतात, १९३० चा मार्शल लॉ येतो, चादर येते, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा येते. बटनाच्या साध्या फोनला त्यात कुणी जागा देत नाही. पण गेल्या पंचवीस वर्षांत या शहरातल्या यंत्रमाग कामगाराच्या खिशात, बिडी वळणाऱ्या बाईच्या पिशवीत आणि रिक्षावाल्याच्या हातात जी एक वस्तू कायम राहिली, ती हीच. तिला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्यासाठी, म्हणजे मराठी आणि उर्दू अशा दोन लिप्यांत जगणाऱ्या लोकांसाठी, एक खास प्रकरण आहे. या फोनने आपली धूळ ओळखली, आपला अंधार ओळखला, आपला घामेजलेला हातही ओळखला. आपली लिपी ओळखायला मात्र त्याला फार उशीर लागला. आज लिहायचं आहे ते याबद्दल.

भोंग्यापासून पीसीओपर्यंत

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून बोलले आणि दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांनी तो घेतला. त्या काळात मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर होता, आणि फोन करणाऱ्याप्रमाणेच घेणाऱ्यालाही पैसे पडत. मजुरी करणाऱ्या माणसाला कुणाचा फोन येणं म्हणजे दंड बसण्यासारखंच होतं. त्यामुळे सोलापुरात पुढची काही वर्षं पिवळ्या पाटीचं एसटीडी-पीसीओ हेच खरं दूरध्वनी केंद्र राहिलं. रात्री दर कमी व्हायचा म्हणून जेवणं उरकून लोक रांगेत उभे राहत. सौदीत, दुबईत माणूस असलेल्या घरांत फोन बहुधा शेजाऱ्यांकडे यायचा. गल्लीतला पोरगा धावत येऊन सांगायचा, "चाची, फोन आया है," आणि चाची ओढणी सावरत पळायची.

हे चित्र बदललं एका सरकारी नियमाने. १ मे २००३ पासून येणारा कॉल मोफत झाला, पैसे फक्त करणाऱ्याने द्यायचे. फोन परवडण्याचा प्रश्न त्या दिवशी अर्धा सुटला. उरलेला अर्धा होता हँडसेटचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नोकियाने ११०० हे मॉडेल जाहीर केलं.

अकराशेची वैशिष्ट्यं, सोलापूरच्या नजरेने

नोकिया ११०० ला कॅमेरा नव्हता, रंगीत पडदा नव्हता, इंटरनेट तर नव्हतंच. पडदा ९६ बाय ६५ ठिपक्यांचा, काळा-पांढरा. फोनबुकमध्ये ५० नावं, ५० मेसेज. कंपनीने भारतात त्याची जाहिरात 'मेड फॉर इंडिया' म्हणून केली. जगभरात हा फोन २५ कोटींहून जास्त विकला गेला, आणि आजवरच्या सर्वाधिक विकल्या गेलेल्या फोनमध्ये त्याचं नाव पहिल्या ओळीत घेतलं जातं. का, ते कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा आपल्या शहराकडे पाहून जास्त चांगलं समजतं.

पहिलं वैशिष्ट्य कीपॅडचं. आधीच्या बऱ्याच फोनमध्ये प्रत्येक बटनाभोवती फट असायची. ११०० चा कीपॅड सलग रबराचा होता, म्हणजे धुळीला आत शिरायला वाट नव्हती. यंत्रमागाच्या शेडमध्ये ज्याने तासभर घालवला आहे त्याला याचं मोल सांगावं लागत नाही. तिथे हवेत सुताचे बारीक तंतू तरंगत असतात. केसांवर, भुवयांवर, चहाच्या कपातही बसतात. बिडीच्या घरात तंबाखूची भुकटी असते. अशा जागी फटीफटीचा फोन वर्षभरात दगा देतो. हा टिकला. कीपॅड झिजलाच तर थोड्या पैशांत नवा रबर बसायचा, बॉडी फुटली तर बॉडी बदलायची. फोन जुना, अंग नवं, असे कितीतरी फोन आपण पाहिले.

दुसरं वैशिष्ट्य पकडीचं. फोनच्या दोन्ही कडा खरखरीत होत्या, घामेजलेल्या हातातून निसटू नये म्हणून. मे महिन्यात आपला पारा ४३-४४ अंशांवर जातो. तेव्हा ही सोय चैन वाटत नव्हती.

तिसरं वैशिष्ट्य टॉर्च. फोनच्या वरच्या टोकाला बारका दिवा, बटन दाबून धरलं की उजेड. ज्यांना महाराष्ट्रातली २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आठवतात, त्यांना हा दिवाही आठवत असेल. या शहरात पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी कधीतरी येतं, आणि पुष्कळदा अवेळी येतं. अंधारात नळाला पाइप जोडणारी बाई एका हातात फोन धरून त्याच्या उजेडात काम करते, हे दृश्य आपल्या गल्ल्यांत नवं नाही. आमच्याकडे टॉर्चलाही 'बॅटरी'च म्हणतात, त्यामुळे या फोनला लोक 'बॅटरीवाला फोन' म्हणू लागले. मॉडेलचा नंबर माहीत नसलेलाही दुकानात जाऊन एवढ्या एका शब्दावर फोन घेऊन यायचा.

चौथं वैशिष्ट्य चार्जिंगचं. माहितीपत्रकात नुसता ठेवला तर ४०० तासांपर्यंत, असं लिहिलेलं असायचं. रोज बोलणाऱ्याला त्याच्या निम्मंही मिळत नसेल, पण वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या घरात दोन-तीन दिवस टिकणारा फोन म्हणजे मोठा आधार.

आणि पाचवं, ज्याकडे कुणी वैशिष्ट्य म्हणून पाहत नाही, ते म्हणजे अलार्म. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून या शहराचं घड्याळ भोंगा होतं. भोंग्यावर माणसं उठत, भोंग्यावर डबा निघे. एकेक गिरणी बंद पडत गेली तसे भोंगेही थांबले. पहाटेची पाळी, नळाचं पाणी, रमजानमधली सहरी, या सगळ्यांसाठी उठवण्याचं काम मग हळूहळू या फोनच्या अलार्मकडे आलं. सहरीला डफ वाजवत, हाका मारत फिरणारे लोक आधीच कमी झाले होते. शहराला एकत्र उठवणारा एक आवाज गेला आणि प्रत्येक उशीखाली एक वेगळा आवाज आला. याला प्रगती म्हणा किंवा एकटेपण म्हणा, बदल झाला हे खरं.

एक फोन, पाच माणसं

हे फोन एकेका माणसाचे नव्हते, घराचे होते. नोकियाला हेही पुढे दिसलं. २००७ साली आलेल्या नोकिया १२०० मध्ये एकाच फोनवर पाच वेगवेगळी फोनबुकं ठेवण्याची सोय होती, आणि कॉलला वेळेची किंवा पैशांची मर्यादा घालता येत होती. गरीब घरांत आणि फोन भाड्याने देणाऱ्या छोट्या दुकानांत एक हँडसेट कसा फिरतो, हे पाहून केलेली ही रचना होती. कारखानदाराने माणसाच्या घरात डोकावून त्याच्या गरजेप्रमाणे वस्तू घडवावी, असं आपल्या वाट्याला क्वचितच येतं. आपल्याला बहुधा दुसऱ्यांसाठी बनलेल्या वस्तूंत स्वतःला बसवून घ्यावं लागतं.

पण फोन घडवणाऱ्यांना सुचलं नव्हतं असंही एक वैशिष्ट्य लोकांनी स्वतः शोधलं. मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे पोहोचलो. दोन म्हणजे खाली ये. कट करून पुन्हा केला तर काम तातडीचं आहे, तूच फोन लाव. एक पैसा खर्च न करता संदेश पोहोचवण्याची ही भाषा कुठल्याही शाळेत शिकवली गेली नाही आणि तिला लिपीही नव्हती. म्हणूनच ती सगळ्यांना येत होती. तेलुगू बोलणारी पद्मशाली बाई, कन्नड बोलणारा हमाल, दखनी बोलणारी आमची खाला, सगळे त्या भाषेत साक्षर होते.

अक्षरओळख नसलेल्यांनी आणखी युक्त्या काढल्या. थोरल्या मुलाचा नंबर २ च्या बटनावर, लेकीचा ३ वर. बटन दाबून धरलं की कॉल लागतो. आलेला नंबर कुणाचा, हे शेवटचे दोन आकडे पाहून ओळखायचं. या फोनने माणसाला निरक्षर म्हणून दाराबाहेर उभं केलं नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणायलाच हवं.

या विश्वासाला एकदा जोराचा धक्का बसला. १४ ऑगस्ट २००७ रोजी नोकियाने जाहीर केलं की बीएल-५सी प्रकारच्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना अतितापू शकतात. त्या मात्सुशिता या जपानी कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या होत्या. आपली बॅटरी त्यातली आहे का, हे पाहायला तिच्यावरचा २६ अक्षरी क्रमांक तपासायचा होता. देशभर घबराट पसरली, फोन बॉम्बसारखा फुटतो अशा वावड्या उठल्या, सेवा केंद्रांवर गर्दी झाली. तो बारीक इंग्रजी क्रमांक वाचायला कितीतरी घरांत शाळेत जाणाऱ्या पोराला हाक मारावी लागली. ज्या फोनला वाचता येण्याची गरज नव्हती, त्यानेच एक दिवस वाचायला लावलं.

सत्तर अक्षरांचा हिशेब

आता लिपीकडे येतो. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे हा भाग मला सर्वांत जवळचा.

नोकियाच्या भारतातल्या वाटचालीत एक गोष्ट कंपनी अभिमानाने सांगायची. १९९८ साली ५११० या फोनवर पहिली भारतीय रिंगटोन आली, आणि ती होती इक्बाल यांच्या 'तराना-ए-हिंदी'ची चाल. १९०४ साली छापलेली उर्दू कविता, तिला १९४५ च्या सुमारास पंडित रविशंकर यांनी दिलेली चाल, आणि ती वाजली फोनच्या टीं-टीं आवाजात, एकेका सुरात. अर्थातच शब्दांविना. म्हणजे उर्दू या फोनमध्ये आली ती आधी सूर म्हणून. अक्षर म्हणून यायला तिला पुष्कळ वर्षं थांबावं लागलं. हिंदी मेनू २००० साली ३२१० वर आला. इतर भारतीय भाषा त्यानंतर एकेक करून.

मेनू आपल्या भाषेत असणं ही एक गोष्ट, आपल्या भाषेत मेसेज लिहिणं ही दुसरी. इथे एक तांत्रिक हिशेब आहे, तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

एसएमएस ही सोय १९८० च्या दशकात युरोपात आखली गेली. एका मेसेजला जागा दिली १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. इंग्रजी आणि युरोपातल्या बहुतेक भाषांच्या अक्षरांना प्रत्येकी ७ बिट पुरतात. ११२० ला ७ ने भागा, १६० येतात. म्हणून इंग्रजी मेसेज १६० अक्षरांचा. देवनागरी किंवा उर्दू लिहायची तर प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात. ११२० भागिले १६, म्हणजे ७०. पैसे तेवढेच आणि जागा निम्म्याहून कमी. सत्तरच्या पुढे एक चिन्ह गेलं की दुसरा मेसेज सुरू, त्याचे पैसे वेगळे.

यात मराठीला आणखी एक फटका होता. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते यंत्राला एक दिसत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातलं हलन्त चिन्ह, प्रत्येक वेगळं मोजलं जातं. 'स्त्री' हे आपल्यासाठी एक अक्षर, यंत्रासाठी सहा चिन्हं. 'विद्यार्थ्यांना' या शब्दात आपण चार अक्षरं मोजतो, यंत्र पंधरा. असे चार शब्द लिहिले की मेसेज जवळजवळ भरला. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, म्हणून ती थोडी आटोपशीर बसते. पण तिथे दुसरी अडचण. आपल्या डोळ्यांना सवय नस्तालीकची, जी तिरकी उतरत जाते आणि जिला उंची लागते. ती छापखान्यात संगणकावर यायलाच १९८१ उजाडलं. मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने ते काम केलं, नाहीतर त्याआधी उर्दू वर्तमानपत्रं कातिबांच्या हातानेच लिहिली जात. ६५ ठिपके उंचीच्या पडद्यावर ती कशी मावणार? जिथे उर्दू आली तिथेही ती नस्ख वळणाची आली, वाचता येईल पण आपली वाटणार नाही अशी.

लोकांनी काय केलं? पोटापाण्याला जे सोयीचं ते केलं. रोमनमध्ये लिहू लागले. 'kya haal hai', 'kuthe ahes' हे जसं दिसतं तसं मी इथे देवनागरीत दाखवू शकत नाही, पण वाचकांना ते डोळ्यांसमोर येईलच: 'के वाय ए', 'के यू टी एच ई'. एकशेसाठ अक्षरं मिळत होती ना. ईद आणि दिवाळीला तर पुष्कळ कंपन्यांच्या स्वस्त मेसेजच्या योजना लागू नसायच्या, त्या दिवशी पूर्ण दर. मुबारकबादसुद्धा मोजूनमापून द्यायची. अशा वेळी सत्तरचा हट्ट कोण धरणार?

याची किंमत कुणी मोजली ते सांगतो. आमच्या मोहल्ल्यांत एक पिढी अशा बायकांची होती, ज्यांनी कुराण नाजरा वाचायला शिकलं, त्या ओघात उर्दूही वाचू लागल्या. इंग्रजी अक्षर त्यांना येत नव्हतं. नवरा किंवा मुलगा आखातात असेल तर त्याचं उर्दू पत्र त्या स्वतः वाचत. एकट्या, दोनदा, चारदा, मनात. त्या पत्रात काय आहे ते घरातल्या दुसऱ्या कुणाला कळायची गरज नव्हती. मग पत्रं थांबली आणि रोमन मेसेज आले. तीच उर्दू, तोच मुलगा, पण आता वाचून दाखवायला सातवीतली नात लागायची. जी बाई कालपर्यंत साक्षर होती ती एका छोट्या यंत्रामुळे घरात निरक्षर झाली. तिने काही विसरलं नव्हतं. जगाने लिपी बदलली होती.

नंतर दुरुस्त्या झाल्या, नाही असं नाही. मोबाईलच्या आंतरराष्ट्रीय मानकांत हिंदी, उर्दूसह काही भारतीय भाषांसाठी खास अक्षरतक्ते घातले गेले, ज्यांनी सत्तरची मर्यादा पुष्कळ वाढू शकते. पण मानकात असणं आणि हातातल्या फोनमध्ये असणं वेगळं. २०१६ साली केंद्र सरकारने भारतीय मानक आयएस १६३३३ (भाग ३) सर्व फोनना लागू करायचं ठरवलं. भारतात विकला जाणारा प्रत्येक फोन, साधा असला तरी, देशाच्या २२ भाषांतला मजकूर दाखवू शकला पाहिजे. मुदतवाढ मिळत मिळत २०१८ उजाडलं. त्यातही बारकावा पाहा. वाचायची सोय सगळ्या २२ भाषांत, लिहायची सोय मात्र इंग्रजी, हिंदी आणि आणखी एका भाषेत असली तरी पुरे. म्हणजे उर्दू आणि मराठीला ऐकून घेण्याचा हक्क मिळाला. उत्तर देण्याचा हक्क कंपनीच्या मर्जीवर राहिला.

आज हा फोन कुणाच्या हातात आहे

स्मार्टफोन आले आणि बोलण्याची, लिहिण्याची अडचण पुष्कळांची सुटली. माझे विद्यार्थी कीबोर्ड बदलून तीन लिप्यांत लिहू शकतात, आणि ज्यांना लिहायचं नाही ते आवाज पाठवतात. पण साधा फोन संपलेला नाही. कारखान्यात बिड्या मोजून देणाऱ्या बायकांच्या पिशवीत तो आहे, म्हाताऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशात तो आहे. आणि ज्यांच्याकडे तो आहे त्यांच्याकडे आता देश वेगळ्या नजरेने पाहतो.

एके काळी याच ग्राहकांना कंपन्यांनी 'लाइफटाइम' कार्ड विकलं होतं. एकदा पैसे भरा, येणारे कॉल कायम चालू. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने २८ दिवसांसाठी किमान ३५ रुपयांचं रिचार्ज लावलं. २०२१ च्या अखेरीस एअरटेलचं किमान रिचार्ज ९९ वर गेलं. पुढे तर पुष्कळ योजनांत इंटरनेट जोडूनच मिळू लागलं. ज्या फोनमध्ये इंटरनेट चालत नाही, त्याच्या मालकाने इंटरनेटचे पैसे भरायचे! डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलून फक्त कॉल आणि एसएमएसची वेगळी व्हाउचर ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. साध्या फोनच्या मालकाची वेगळी दखल घेतली गेली ती अशी, उशिरा. पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनवर चालणारी यूपीआय १२३पे ही सोय आणली, तीही अशीच उशिराची पण चांगली दखल.

आणि तरी, पानं कापून, बिड्या वळून जिच्या बोटांच्या रेषा झिजल्या, जिचा अंगठा यंत्राला पटत नाही, तिचा पीएफ, तिचं रेशन, तिची पेन्शन आता एका ओटीपीवर येऊन थांबते. तो ओटीपी बहुधा इंग्रजीत येतो आणि काही मिनिटांत मरतो. मागे बॅटरीचा नंबर वाचायला जसा पोरगा बोलवावा लागला, तसा आता पुन्हा बोलवावा लागतो. फरक इतकाच, की तेव्हा पणाला बॅटरी होती, आता महिन्याचं धान्य आहे.

म्हणून मला या दणकट फोनच्या वैशिष्ट्यांची यादी अपुरी वाटते. धूळ लागत नाही, पडला तरी फुटत नाही, अंधारात उजेड देतो, हे सगळं खरं. ज्यांनी तो घडवला त्यांनी आपल्या हाताचा विचार केला, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत. पण वस्तू माणसासाठी बनवताना हात पुरत नाही, जीभही लागते. आपली लिपी कुणीतरी आठवणीने घालेल म्हणून वाट पाहणारे समाज मागे राहतात. मागणारे पुढे जातात. बँकेने, रेशन दुकानाने, पीएफ कार्यालयाने पाठवलेला मेसेज मराठीत किंवा उर्दूत का नाही, हा प्रश्न आपण अजून पुरेशा मोठ्या आवाजात विचारलेला नाही. दाखवण्याची सोय तर आता त्या साध्या फोनमध्येही आहे.

वर्गात मी मुलांना वर्षातून एकदा एक काम देतो. घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला, तिला वाचता येईल त्या लिपीत, सत्तर चिन्हांत मावेल असा एक निरोप लिहायचा. काना-मात्रा मोजून. पहिल्यांदा सगळे हसतात, मग बोटं मोजू लागतात. मागच्या वेळी एका मुलीने उर्दूत लिहिलं होतं की नानी, औषध घे, मी संध्याकाळी येते. मोजलं तर सत्तरच्या बऱ्याच आत. उरलेल्या जागेत काय लिहू, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तुझं नाव लिही, म्हणजे ते वाचायला तिला कुणाला हाक मारावी लागणार नाही.